न भाजलेली माती

नवसाच्या वस्तूंकडे कलासमीक्षेने सहसा प्रेमाने पाहिलेले नाही. ग्रीसमधील तानाग्रा येथील थडग्यांतून एकोणिसाव्या शतकात निघालेल्या डौलदार मृण्मूर्ती युरोपीय संग्राहकांनी डोक्यावर घेतल्या; मंदिरांत सामान्य भाविकांनी वाहिलेल्या साच्यातल्या मूर्ती मात्र दुय्यम ठरल्या. संत पौलाच्या पत्रांमुळे आपल्या परिचयाच्या करिंथ नगरीत आस्क्लेपिओस या आरोग्यदेवाच्या मंदिरात भाजलेल्या मातीचे हात, पाय, कान, स्तन सापडले. सौंदर्याच्या तराजूत ते हलके भरतात. पण तो तराजूच येथे योग्य आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या पुणे जिल्ह्यातच मिळते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १३००च्या सुमाराच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल पेटी मिळाली. आत मस्तकहीन स्त्रीमूर्ती. झाकणावर मस्तक असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीवर व मस्तकहीन मूर्तीच्या अंगात छिद्र आहे. काडी खोचली की ती बैलावर उभी राहते.

डॉ. म. के. ढवळीकरांनी तिला मातृदेवता मानले. नाव कोणते द्यावे, मस्तक का नाही, यावर चर्चा पुष्कळ झाली. मला अधिक बोलकी वाटते ती तिची माती. ती भाजलेली नाही. याच लोकांची जोर्वे भांडी उत्तम भाजलेली, तांबड्या अंगावर काळी नक्षी ल्यालेली आहेत. तेव्हा हा कौशल्याचा अभाव खास नव्हे. पाणी साठवायचे भांडे टिकाऊ हवे. प्रार्थनेला टिकाऊपणा नको, असेच जणू त्या हातांनी ठरवले असावे. ग्रीक भाविकाने आपली भेट मंदिरात सर्वांसमोर ठेवली; इनामगावच्या कुटुंबाने ती घरातच, जमिनीखाली झाकून ठेवली. वृत्ती भिन्न, गरज एकच.

वांद्र्याच्या मोतमाऊलीला वाहिले जाणारे मेणाचे हातपाय याच कुळातले होत. सुशिक्षित मन त्यांना ओबडधोबड, एकसारखे म्हणून हसते. परंतु भोसरी-चाकणच्या कारखान्यांत दिवसभर साच्यातून सुटे भाग काढणारा कामगार जाणतो, की एकाच साच्यातले दोन भाग दोन वेगळ्या यंत्रांत बसतात. मेणाचे दोन पायही दोन वेगळ्या घरांतील दुखणी घेऊन येतात. नवसाच्या कलेतील वेगळेपण आकारात नसते. ते वाहणाऱ्याच्या व्यथेत असते. ती व्यथा वगळून केलेली समीक्षा कितीही सूक्ष्म असली, तरी ती केवळ मातीचीच समीक्षा ठरते.