पोवाडा सरदाराचा, लावणी शिपायाची

खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. तिथी आश्विन वद्य एकादशी, म्हणजे दिवाळी तोंडावर आलेली. मराठी फौजेला यात नवे काही नव्हते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घराकडे वळायच्या. शेतात नांगर धरणारा माणूसच आठ महिने बारगीर किंवा शिलेदार होत असे, आणि त्याची दिवाळी बहुधा गोटात जात असे. घोड्याला चंदी घालून झाल्यावर, शेकोटीपाशी बसलेली ही माणसे काय गात असतील?

पोवाडे गात असतील, असे आपण चटकन म्हणतो. शाळेपासून आपल्या मनात तेच बसले आहे. पण ते बसवले कोणी, हे पाहण्यासारखे आहे. १८९१ मध्ये हॅरी आर्बुथनॉट ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह छापला. ॲक्वर्थ म्हणजे वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे तेच, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. १८९४ मध्ये त्यांनी निवडक पोवाडे इंग्रजी पद्यात आणले. किपलिंगची बराकीतली गाणी पुस्तकरूपाने येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. शिपायाच्या तोंडी घातलेले पद्य वाचायला इंग्रज वाचक उत्सुक होता, आणि ती पद्ये लिहिणारा किपलिंग स्वतः कधी शिपाई नव्हता. त्या वाचकापुढे पोवाडा गेला तो मराठा सैनिकाचा उद्गार म्हणून. पुढे आपणही त्याच नजरेने त्याच्याकडे पाहू लागलो. संग्राहकांचे ऋण मोठेच आहे. त्यांनी कष्ट घेतले नसते तर कितीतरी रचना गोंधळ्यांच्या मुखातच संपल्या असत्या. पण पोवाड्याचा हा अर्थ मला पटत नाही.

पोवाडा शिपायासमोर गायला जाई, याबद्दल वाद नाही. मात्र तो शिपायाविषयी नसतो. खर्ड्याची लढाई घ्या. मार्च १७९५ मधली ती झुंज एका दिवसात आटोपली, पण तिच्यावर पोवाडे रचले गेले ते एकापेक्षा अधिक शाहिरांकडून. संगमनेरच्या अनंत फंदीनेही तिच्यावर रचना केली. या पोवाड्यांत सरदारांची नावे ओळीने येतात, कोणाचे पथक कोठे उभे होते ते येते. साध्या स्वाराच्या वाट्याला त्यात येते ती फक्त संख्या. कारणही सरळ आहे. बिदागी सरदार देई, आणि ज्याचे नाव गळेल तो रुसे. डफ-तुणतुण्याच्या गजरात हे ध्यानात येत नाही. कागदावर वाचताना येते.

शिपाई सापडतो तो लावणीत, आणि तेही गैरहजर माणूस म्हणून. घरधनी मुलुखगिरीवर गेला आहे, महिने एकामागून एक सरत आहेत, सण येऊन गेले, आभाळ भरले तरी त्याचा पत्ता नाही. विरहाच्या लावणीचा हा साचा आपण संस्कृत काव्यातल्या विरहिणीशी जोडतो. नाते आहेच. पण लावणीतला हा विरह फौजेच्या वेळापत्रकाशी फार नेमका जुळतो. वियोग दसऱ्यानंतर सुरू होतो आणि आशा पावसाबरोबर जागी होते. ही केवळ काव्यरूढी असती, तर ती या मुलखात आणि या शतकात इतकी फोफावली नसती.

सगनभाऊचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे. जेजुरीचा हा मुसलमान शाहीर जातीने शिकलगार, हत्यारांना धार लावणाऱ्यांतला. खडकीच्या लढाईवर त्याने पोवाडा रचला आणि नाव कमावले ते लावण्यांवर. तलवारीला पाणी चढवून घ्यायला येणारा माणूस तेवढ्या वेळात काय बोलत असेल, ते ऐकण्याची जागाच त्याच्या धंद्याने त्याला दिली होती.

यावर आक्षेप येईल की लावणी ही दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारची चैन. गोटातल्या शेकोटीशी तिचा काय संबंध? याला उत्तर एका इंग्रज अधिकाऱ्याकडून मिळते. टॉमस ब्रॉटन १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फिरत्या छावणीत रेसिडेंटच्या रक्षकदलाचा प्रमुख होता. तिथली त्याची पत्रे १८१३ मध्ये छापली गेली आणि इतिहासाचे अभ्यासक ती वाचतात. त्याचे १८१४ चे छोटे पुस्तक मात्र फारसे कोणी उघडत नाही. आपल्या पलटणीतल्या शिपायांकडून मिळवलेल्या हिंदी कवितांचा तो संग्रह आहे. हे उत्तरेकडचे ब्राह्मण-रजपूत शिपाई, कंपनीच्या पगारावरचे. त्यांनी साहेबाला जे सांगितले त्यात मोठा भाग शृंगाराचा आणि विरहाचा आहे. बंदुकीवर पोट असलेल्या माणसांनी दिले ते दोहे आणि कवित्ते. भाषा निराळी, पलटण निराळी. पण गोटातल्या माणसाची भूक इथेही तीच दिसते.

म्हणून लावणीला शिपायाच्या बायकोचा आवाज समजू नये. रचणारा पुरुष, पुष्कळदा गाणारा पुरुष, ऐकणारेही पुरुष. आपली कोणी वाट पाहत आहे, दुसऱ्या कोणाकडे बघत नाही, हे तिच्या तोंडून ऐकण्याची त्यांना गरज होती. तिने स्वतः गायलेले जात्यावर आहे, आणि तिथे नवऱ्यापेक्षा भाऊच जास्त भेटतो! या दोन गाण्यांमधले अंतर हाच खरे तर त्या काळच्या संसाराचा दस्तऐवज आहे. पण पोवाड्याला इतिहास मानून आणि लावणीला चावट ठरवून आपण तो बाजूला ठेवला. य. न. केळकरांना आपल्या संग्रहाला ‘अंधारातील लावण्या’ असे नाव द्यावे लागले, यावरून ती किती काळ कुठे पडून होती ते कळते. म. वा. धोंडांच्या ‘मऱ्हाटी लावणी’ने १९५६ मध्ये तिला समीक्षेत जागा दिली. इतिहासात ती अजून दारातच उभी आहे.

१८१८ नंतर फौजा मोडल्या. आमच्या नाशिक भागात त्र्यंबकचा किल्ला गेला, मालेगावच्या गढीतल्या अरबांनी चिवट वेढा सोसून जूनमध्ये हत्यारे ठेवली. स्वार शेताकडे वळले, काही मुंबईच्या पलटणींत गेले. पुढे नाशिकजवळच देवळालीला गोऱ्यांची छावणी पडली. मुदत संपलेले गोरे सोजीर मायदेशाच्या जहाजाची वाट पाहत तिथे दिवस काढू लागले. त्या रिकाम्या दिवसांत डोके फिरण्याला त्यांच्या बोलीत ‘डूलॅली टॅप’ असे नाव पडले. पहिला शब्द देवळालीचा, दुसरा आपला ताप. हा शब्द आज इंग्रजी कोशांत आहे.

लावण्यांचे संग्रह आजवर शाहिरांच्या नावांनी लागले आहेत. ते महिन्यांनी लावावेत, दसऱ्यापासून मृगापर्यंत, असे मला वाटते. कोणत्या रचनेत कोणता सण येतो, गेलेल्याची दिशा उत्तर आहे की कर्नाटक, निरोप कोणाच्या हाती येतो, हे टिपत जावे. सिन्नरजवळच्या बावी गावचा परशराम शिंपी १७५४ ते १८४४ असा जगला. शिंद्या-होळकरांची भरभराट आणि इंग्रजांचा अंमल, दोन्ही त्याने पाहिले. मी त्याच्यापासून सुरुवात केली आहे.