एक बटण, एक खोली

'बॅबिलॉन ५' या अमेरिकी मालिकेचा पहिला भाग १९९३ च्या फेब्रुवारीत दाखवला गेला. त्यातल्या अंतराळयानांसाठी प्लास्टिकच्या प्रतिकृती केल्या नव्हत्या. अमिगा संगणकांत 'व्हिडिओ टोस्टर' हे कार्ड बसवून ती पडद्यावर घडवली होती. आदल्याच वर्षी अमिगाच्या घरगुती मॉडेलवर 'सेन्सिबल सॉकर' हा फुटबॉलचा ब्रिटिश गेम आला होता. खेळांचे जुने व्हिडिओ गेम आणि सायन्स फिक्शन मालिका या दोन्हींवर माझं सारखंच प्रेम आहे. दोन्हींची आजची अवस्था पाहून जी चिडचिड होते, तीही एकाच जातीची आहे. साधनं वाढत गेली आणि काय वगळायचं हे ठरवण्याची सवय सुटत गेली.

आधी गेमबद्दल. 'सेन्सिबल सॉकर'मधला खेळाडू पडद्यावर बोटाच्या पेरापेक्षाही लहान दिसतो. त्याला चेहरा नाही. मैदान उंचावरून दिसतं, त्यामुळे मोकळी जागा कुठे आहे हे चेंडू पायात यायच्या आधीच कळतं. जॉयस्टिकवर बटण एकच. ते हलकेच दाबलं की पास जातो, दाबून धरलं की जोरदार किक बसते, चेंडू आपल्याकडे नसेल तर त्याच बटणाने टॅकल होतो आणि चेंडू हवेत असेल तर हेडर. मात्र खरी गंमत किक मारल्यानंतरची आहे. चेंडू पायातून सुटल्यावर क्षणभर जॉयस्टिक वळवायची मुभा मिळते. मागे ओढली तर चेंडू उचलला जातो, बाजूला नेली तर वळतो. गोलकीपरला चकवून आत शिरणारा तो वळणदार फटका जमायला वेळ लागतो, आणि जमला की शेजारी बसलेला मित्र ओरडतोच.

जॉन हेअर आणि ख्रिस चॅपमन यांनी फुटबॉलमधून जागा ओळखणं आणि चेंडू वळवणं एवढंच उचललं आणि बाकीचं सोडून दिलं. १९८९ मध्ये 'किक ऑफ'ने चेंडू पायाला चिकटवून ठेवायची पद्धत मोडली होती, ते ऋणही इथे दिसतं. अमेरिकन फुटबॉलचा 'टेक्मो बोल' निन्टेन्डोवर त्याच १९८९ साली आला. त्यात प्रत्येक संघाकडे फक्त चार चाली. बचाव करणाऱ्यानेही त्याच चारांपैकी एक निवडायची. अंदाज बरोबर निघाला की आक्रमण जागीच कोसळतं. ज्याने तो खेळ कधी पाहिलेला नाही, त्यालाही पंधरा मिनिटांत कळतं की हा अंगाशी अंग भिडवण्याइतकाच मन ओळखण्याचा खेळ आहे.

टीव्हीवर हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. 'स्टार ट्रेक'मध्ये माणसं किरणांतून ग्रहावर उतरतात, कारण दर आठवड्याला यान उतरवून दाखवायला पैसे नव्हते. 'डॉक्टर हू'चं कालयान लंडनच्या रस्त्यावरच्या पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखं दिसतं, त्याचंही एक कारण खर्चच. हे किस्से चाहत्यांना पाठ आहेत. पण टंचाई आली की कला आपोआप फुलते असं म्हणणं मला पटत नाही. टंचाईत वाईट कामही भरपूर झालं. 'स्टार ट्रेक'च्याच 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेचा पहिला सीझन आज बघवत नाही, आणि त्यातला 'कोड ऑफ ऑनर' हा भाग वंशवादी चित्रणामुळे लाजिरवाणा आहे.

मी ज्या भागासाठी भांडेन तो 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' मालिकेचा 'ड्युएट', जून १९९३ मधला. सीझन संपत आला होता, पैसेही संपत आले होते, म्हणून उभ्याच असलेल्या सेटवर भागवायचं ठरलं. बराचसा भाग कोठडीत घडतो. आत एक कार्डेशियन कैदी, बाहेर मेजर किरा. त्याच्या लोकांनी तिच्या ग्रहावर अनेक वर्षं राज्य केलं, छळछावण्या चालवल्या. त्याला जो आजार आहे तो फक्त एका छावणीत असलेल्यांनाच होऊ शकतो. आधी तो सांगतो, मी तिथे साधा कारकून होतो. मग उलटतो आणि छाती पुढे काढून म्हणतो, छावणीचा प्रमुख मीच. किराला हवा असलेला राक्षस समोर बसलेला असतो. पण तिची चौकशी पुढे सरकते तसं उघड होतं की तो खरोखरच कारकून आहे. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून पडून राहणारा. प्रमुखाचा चेहरा त्याने शस्त्रक्रिया करून घेतला आहे, कारण कुणीतरी शिक्षा भोगल्याशिवाय आपला देश गुन्हा कबूल करणार नाही, असं त्याला वाटतं. हॅरिस युलिन आणि नाना व्हिझिटर यांच्या आवाजाखेरीज इथे फारसं काही नाही, स्फोट तर नाहीच. एकांकिका स्पर्धेच्या रंगमंचावर दोन नट आणि एक खुर्ची घेऊन हा भाग उभा करता येईल.

आज मालिकेचा सीझन आठ-दहा भागांचा असतो, आणि पुष्कळदा ते एका लांबवलेल्या सिनेमाचे तुकडे वाटतात. वीस ते सव्वीस भागांच्या जुन्या सीझनमध्ये दोन-चार फसले तरी चालायचे, म्हणून एखाद्या आठवड्यात सगळं सोडून एकाच प्रश्नाशी झुंजायची हिंमत होत असे. अर्थात अपवाद आहेत. 'अँडोर' या मालिकेकडे पैसा अमाप होता, पण २०२२ मधल्या तुरुंगाच्या भागांत तिने आपली नजर अनवाणी कैदी आणि विजेने भारलेली फरशी यांच्यावरून फारशी हलू दिली नाही. सुटका झालेला माणूस दुसऱ्या मजल्यावर परत कामाला लावला जातो, हे कळतं तेव्हा जो हादरा बसतो, तो 'ड्युएट'च्याच तोडीचा आहे.

फुटबॉलच्या गेममध्ये घसरण जास्त उघडी आहे. घामाचे थेंब दिसतात, स्टेडियम हुबेहूब आहे, आणि सगळा भर खेळाडूंची कार्डं असलेली पाकिटं विकण्यावर. बेल्जियमच्या नियामकांनी अशा पाकिटांना जुगार ठरवल्यावर जानेवारी २०१९ मध्ये ईए कंपनीला ती विकत घेण्यासाठीच्या फिफा पॉइंट्सची तिथली विक्री थांबवावी लागली. दुसरीकडे 'रेट्रो' नावाने येणाऱ्या बऱ्याच नव्या गेमनी जाडे पिक्सेल तेवढे उचललेत. अमेरिकन फुटबॉलचा 'रेट्रो बोल' (२०२०) मात्र खरा वारसदार. त्यात बचाव तुमच्या हाती नाहीच, फक्त आक्रमण खेळायचं. अर्धा खेळ कापून टाकण्याचा तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या क्रिकेटला असा गेम अजून मिळालेला नाही. ईएने 'क्रिकेट ०७' नंतर हा खेळ सोडला, तरी भारतात लोक त्यात नवे संघ आणि नव्या जर्सी भरून तो आजही खेळतात. त्या प्रेमाबद्दल मला आदर आहे, पण तो गेम मुळात टीव्हीवरच्या प्रक्षेपणाची नक्कल होता, आणि त्यानंतरचे बहुतेक गेमही त्याच वाटेने गेले. ब्राउझरवरच्या 'स्टिक क्रिकेट'ने बाणांच्या बटणांवर धुलाईचा आनंद नेमका पकडला. राहून गेला तो बॉलरचा डाव. तीन चेंडू बाहेर काढायचे, बॅट्समनला सोडायची सवय लावायची आणि चौथा आत आणायचा. तो येणार हे बॅट्समनलाही ठाऊक असतं. कधी, एवढंच ठाऊक नसतं. यासाठी चेहरे, लायसन्स, कॉमेंट्री काही लागत नाही. 'टेक्मो बोल'च्या हिशोबाने बॉलरला चार चेंडू द्यावेत, बॅट्समनला त्याच चारांपैकी एक ओळखायला लावावं आणि दोघांना एका सोफ्यावर बसवावं. पुण्या-मुंबईत गेम बनवणारी तरुण मुलं आहेत. पुढचा क्रिकेट गेम त्यांनी इथून सुरू करावा.