खर्जातला माणूस

भीमजयंतीचे हँडबिल आपण वाङ्मय म्हणून कधी वाचत नाही. एकदा तसे वाचून पाहावे. वर निळी पट्टी, मध्ये बुद्ध आणि बाबासाहेब, खाली अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख वक्ते, मग मंडळाच्या कार्यकर्त्यांची पंधरा-वीस नावे आणि शेवटी रात्रीचा कार्यक्रम : सुप्रसिद्ध गायक अमुक अमुक 'आणि संच'. मंडपवाल्याचे नाव असते. लाऊडस्पीकरवाल्याचे नाव नंबरासह असते. छापखान्याचे तर असतेच. 'आणि संच' या दोन शब्दांत मात्र पाच-सहा माणसे कोंबलेली असतात. ढोलकीवाला, बेंजोवाला, पेटीवाला, दोघे झीलकरी आणि सगळ्यांच्या मागे, उजेडाच्या कडेला बसलेला, खालचा सूर सांभाळणारा एक जण. हा लेख त्या शेवटच्या माणसाविषयी आहे. मी स्वतः काही वर्षे शहापूर-मुरबाडकडच्या अशाच एका संचात मागे बसून वाजवले आहे, तेव्हा तटस्थपणाचा आव आणत नाही.

खर्ज म्हणजे खालचा सूर. ढोलकीला दोन तोंडे असतात. लहान तोंडावरची बोटांची करामत लोकांना दिसते आणि तिला टाळ्या पडतात. मोठ्या तोंडाचा घुमारा गाण्याला जमीन देतो, पण जमिनीला कोणी टाळ्या वाजवीत नाही. पार्टी मोठी असली की हा घुमारा वेगळ्या ढोलावर येतो. कीबोर्ड आल्यापासून तो डाव्या हाताच्या पट्ट्यांवर आला. एखाद्या ऑर्केस्ट्राला परवडले तर चार तारांची बेस गिटार येते. वाद्य कोणतेही असो, काम एकच : गायक भावनेच्या भरात पुढे धावला तर त्याला धरून ठेवणे, थकला तर त्याला उचलून घेणे. उंच सूर हवेत लवकर विरतो. खालचा सूर लांब जातो आणि आडोसा आला तरी वळसा घालून पोचतो. किन्हवली, डोळखांब, टोकावडे, धसई या बाजूच्या पसरलेल्या वाड्यांतून ज्याने रात्री कार्यक्रम ऐकला आहे त्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. दूरच्या वाडीवर शब्द पोचतच नाहीत. पोचते ती थाप. 'आज आपल्या वस्तीत काहीतरी आहे' हे ती सांगते, आणि माणसे कंदील-बॅटरी घेऊन निघतात. बाबासाहेबांचा विचार खेड्यात नेला गाण्याने, हे आपण सर्व मान्य करतो. गाण्यापर्यंत माणसाला आणले कोणी, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही.

या माणसाचे जगणे कसे असते? तो धंदेवाईक कलावंत नसतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा आसनगावच्या बाजूला एखाद्या कारखान्यात तो पाळीने काम करतो. नाहीतर गवंडीकाम, वीटभट्टी, पंचायतीची शिपाईगिरी. कार्यक्रमाच्या बोलीला आपल्याकडे 'सुपारी' म्हणतात. लग्नसराईत हळदीच्या आणि वरातीच्या सुपाऱ्या, पौषात म्हशाची जत्रा, एप्रिलमध्ये जयंती, मे महिन्यात बुद्धपौर्णिमा, मग गणपती-नवरात्र, पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिन. दुपारची पाळी असेल तर कार्यक्रमाला उशीर. रात्रपाळी असेल तर खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. बिदागी त्या मजुरीएवढीच निघाली तर माणूस फुकट वाजवून आला असा हिशेब होतो. जाताना टेम्पो असतो, येताना असेलच असे नाही. शहापूरकराला निदान आसनगाव-कसाऱ्याची लोकल आहे. मुरबाडला रेल्वे नाही, पहाटेच्या पहिल्या एस. टी.ची वाट पाहत ढोलावर डोके टेकून बसायचे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी झाली. वर्षातले ठरावीक दिवस सूट मिळते, बाकी दिवस कार्यक्रम दहाला गुंडाळावा लागतो. नियम योग्य आहे. परंतु सात वाजता सुटणाऱ्या कामगाराला आठला सुरू होऊन दहाला संपणारा कार्यक्रम मिळणे अवघड झाले, हीही त्याची दुसरी बाजू.

येथे एक जुने दुखणे उघडावे लागते. वाजविणे हे आपल्या बापजाद्यांचे हौसेचे काम नव्हते. गावात हलगी, डफ, ढोल कोणी वाजवायचा हे जातीने ठरवून दिलेले होते. देवाची पालखी, पाटलाची वरात, मेलेल्याची तिरडी, सगळ्यांपुढे वाजवायचे आणि तरी देवळाबाहेर उभे राहायचे. मांगांच्या हलगीचा आणि महारांच्या गावकीचा इतिहास या अपमानाने भरलेला आहे. १९२७ च्या महाड परिषदेपासून गावकीची हलकी कामे टाकून देण्याची हाक उठली. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. या लढ्यात कित्येक घरांतून वाद्य खाली उतरले ते पुन्हा खांद्यावर चढले नाही. म्हणून आजही एखादा पोरगा ढोल घेऊन निघाला की घरातला म्हातारा विचारतो, 'बाबा रे, हे आपण सोडलं होतं ना?'

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तमिळनाडूत पराई या वाद्याच्या बाबतीत हाच पेच पडला. काहींनी तिला जातीची खूण म्हणून टाकले. काहींनी तीच पुन्हा उचलून मोर्च्याच्या पुढे आणली. दोघांचेही बरोबर होते. कारण अपमान कातड्यात किंवा लाकडात नसतो. तो 'नाही' म्हणण्याची मुभा नसण्यात असतो. वेठ आणि सुपारी यांतला फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे : सुपारीत भाव आधी ठरतो, तारीख आधी ठरते, आणि पटले नाही तर माणूस ती घेत नाही. ज्या सुपारीत हे तिन्ही नाही ती सुपारी नव्हे, तिचे जुने नाव वेठच.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर आपल्या व्यासपीठावर मिळायला हवे होते. तेथेच ते मिळत नाही, हे सांगताना संकोच वाटतो, तरी सांगतो. एका गावच्या जयंतीला आम्ही वाजवले. दुसऱ्या दिवशी मंडळाने जमाखर्चाचा कागद समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवला. मंडप, लाऊडस्पीकर, हार, वक्त्यांची गाडी, गायकाचे मानधन, सगळ्यांपुढे आकडे होते. आमच्या रांगेत लिहिले होते : 'साथसंगत – चहापाणी.' विचारले तेव्हा कार्यकर्ता प्रेमानेच म्हणाला, 'दादा, हे तर आपल्या चळवळीचं काम.' मंडपवाल्याला कोणी चळवळीची आठवण दिली नव्हती. आगऱ्या-कुणब्यांच्या हळदीला बिदागी रोख मिळते, जेवायला मात्र पंगत उठल्यावर बोलावतात. आपल्या जयंतीला जेवण मानाने मिळते, बिदागी मिळत नाही. दोन्हीकडे मिळून एक माणूस पुरा होत नाही.

कार्यकर्त्याला दोष देऊन मी थांबणार नाही. त्याने 'चहापाणी' लिहिले, आपल्या समीक्षेने तेवढेही लिहिलेले नाही. प्रस्थापित समीक्षेने आपले गाणे साहित्यच मानले नाही, हा आपला जुना आरोप आणि तो खरा आहे. परंतु आपण जेव्हा स्वतः लिहायला बसलो तेव्हा तिचीच फूटपट्टी हातात घेतली. गाणे कागदावर उतरवले, त्यातला विद्रोह, नकार, प्रतिमा मोजल्या, कवीचे नाव घेतले, फार तर गायकाचे. वामनदादा कर्डकांवर किती लिहिले गेले आहे, आणि ते लिहायलाच हवे होते. पण त्यांच्यामागे गावोगाव बसून ज्यांनी ठेका धरला त्यांची नावे किती ठिकाणी सापडतील? स्वतः जलसाकार असलेल्या भीमराव कर्डकांनी १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले म्हणून जलशाची पुष्कळ हकिगत वाचली. जो रंगमंचावर उभा होता त्यानेच लिहावे लागले, हे ध्यानात घ्यावे.

अलीकडे वेगळ्या दिशेने पाहणारी पुस्तके आली आहेत. टी. एम. कृष्ण यांनी २०२० मध्ये मृदंग बनविणाऱ्या कारागिरांवर पुस्तक लिहिले. कर्नाटक संगीताच्या पवित्र व्यासपीठावरचे ते वाद्य ज्या कातड्यावर बोलते, ते कमावणारे व चढविणारे हात बहुतांशी दलित ख्रिश्चनांचे आहेत, हे त्यांनी सभागृहासमोर मांडले. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रीकडे पाहिले. ज्यांच्या अंगावर कला उभी असते त्यांनाच तिच्या इतिहासातून कसे वगळले जाते, हे या दोन्ही पुस्तकांतून कळते. आपल्या साथीदाराविषयी अशी नजर अजून यायची आहे.

१९७२ मध्ये आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडे पाहून आपल्या संघटनेला नाव दिले. त्याच काळात डेट्रॉइट शहरात जेम्स जेमरसन नावाचा एक काळा वादक होता. मोटाऊन या कंपनीच्या साठीतल्या असंख्य लोकप्रिय गाण्यांना बेस गिटार त्याची. उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो तारा छेडी. कंपनीचा मालकही काळाच होता, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. तरीही वर्षानुवर्षे तबकड्यांवर वादकांची नावे नसत. १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर ती आली. १९८३ मध्ये कंपनीच्या पंचवीस वर्षांचा सोहळा झाला, तेव्हा जेमरसन तिकीट मिळवून मागे प्रेक्षकांत बसला होता, असे सांगतात. त्याच वर्षी तो वारला. मोठा सन्मान मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. आपल्याच माणसांची कंपनी असली म्हणजे मागच्या रांगेतल्या माणसाला न्याय मिळतो असे नाही. ही गोष्ट अमेरिकेची म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. गाणे हे आपले साधन आहे, साध्य नव्हे. विचार शब्दांत असतो, ढोलात नसतो. मग वाद्याचे स्तोम कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु विचार जर नुसत्या शब्दांनी पोचत असता तर जलसे काढावे लागले नसते, पत्रके पुरली असती. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत जायचे होते म्हणून तर ढोलकी उचलली. शिवाय श्रमाची प्रतिष्ठा हे ज्या चळवळीचे मूल्य आहे तिला स्वतःच्या मंचावरचा श्रम दिसू नये, ही वैचारिक चूक आहे. बौद्धिक काम वर आणि हाताचे काम खाली ही उतरंड कोणी रचली हे आपल्याला सांगायला नको. शब्द वर, थाप खाली, ही तिचीच एक पायरी.

आता तर काळाने मोठी थट्टा केली आहे. गावोगाव डीजे आला. 'बेस' हा शब्द आज शाळकरी पोरालाही माहीत आहे, पण त्याचा अर्थ झाला मोठा खोका. छातीत धडकी भरविणारा खालचा सूर त्या खोक्यातून येतो आणि त्यामागे वादक नसतो. संगीतातला जो भाग आपण कधी ऐकलाच नाही, तोच आज सर्वांत मोठ्याने वाजतो आहे. आवाज वाढला आणि माणूस गेला. पोरांना नुसता डीजेचा दोष सांगून उपयोग नाही. खोक्याचे भाडे आपण पूर्ण देतो, आगाऊ देतो. माणसाला आपण चहापाणी देत होतो. मग तो गेला, यात नवल काय?

मागणे फार नाही. हँडबिलावर 'आणि संच' हे शब्द छापू नयेत. वाद्य आणि वादकाचे नाव लिहावे, दोन ओळी वाढतील. जमाखर्चात साथसंगतीपुढे आकडा असावा, आणि तो ठरविताना त्याचा खाडा धरावा. विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातल्या जुन्या वादकांकडे वही घेऊन जावे. कोणते गाणे कोणत्या ठेक्यावर चाले, कोणत्या गावी कोण वाजवी, वाद्य कोठून आणले, पैसे कोणी दिले, कोणी बुडविले, हे सर्व लिहून घ्यावे. ती माणसे म्हातारी होत आहेत. गाणी पुस्तकांत राहतील. ठेका त्यांच्याबरोबर जाईल.

आणि घरातल्या त्या म्हाताऱ्याला उत्तर द्यावे. 'बाबा, सोडलं होतं ते गावकीचं वाजवणं. हे माझं आहे,' असे त्या पोराला मान वर करून म्हणता यावे, एवढी तजवीज आपल्या मंचाने केली पाहिजे. आज तो मान खाली घालून गप्प बसतो, कारण उत्तर अर्धेच खरे आहे हे त्याला माहीत आहे.