माध्यमिक शाळेचा उंबरठा आणि पाठ्यपुस्तकांची मराठी

प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत येणाऱ्या विद्यार्थ्याची पूर्वतयारी कशी करून घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडे शिक्षणशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे कोणास फारसे वाटत नाही, आणि भाषाभ्यासकासही वाटत नाही. परिणामी पूर्वतयारी म्हणजे जून महिन्यातील स्वागतसमारंभ, नव्या वेळापत्रकाची ओळख, शिस्तीचे नियम आणि फार तर मागील इयत्तेच्या गणिताची उजळणी, असे समीकरण रूढ झाले आहे. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे म्हणण्याचा हेतू नाही. नवखे मूल आठ तासिकांना आठ शिक्षक पाहून बावरते, त्यास धीर दिलाच पाहिजे. परंतु ही बावरलेली अवस्था दिवाळीपर्यंत ओसरते, आणि जी अडचण दिवाळीनंतरही उरते तिचा या समारंभांशी काही संबंध नसतो. ती अडचण पुस्तकातील वाक्यापाशी असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ही गोष्ट नजरेआड कशी झाली, याचे कारण इतिहासात आहे. मुंबई इलाख्यात एके काळी मराठी चौथी झाल्यावर मुलगा ‘इंग्रजी पहिली’त बसे, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. जे मराठीतच पुढे शिकत ते व्हर्नाक्युलर फायनल देऊन शिक्षकाची अथवा तलाठ्याची नोकरी धरीत. हायस्कुलात जाणे म्हणजे भाषा बदलणे, हे तेव्हा पालकास, शिक्षकास आणि मुलासही स्वच्छ ठाऊक होते. म्हणून तयारीही भाषेचीच होई. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमाला घरोघर झिजल्या त्या याच कारणाने. पुढे टप्प्याटप्प्याने माध्यमिक शिक्षणाचे माध्यम मराठी झाले, आणि ती भाषिक तयारी अनावश्यक ठरली. मूल मराठी, पुस्तक मराठी, शिक्षक मराठी. मग भाषेची तयारी ती कसली? मातृभाषा-माध्यमाचा तो विजय होता आणि त्याबद्दल कोणास खंत वाटण्याचे कारण नाही. पण त्या विजयाबरोबर एक गृहीतक आत शिरले, ते असे की मराठी बोलणाऱ्या मुलास सर्व प्रकारची मराठी आपोआप येते. आपल्या आजच्या पूर्वतयारीच्या साऱ्या योजना या गृहीतकावर उभ्या आहेत.

उंबरठा नेमका कोठे आहे याविषयीही आपल्याकडे एकवाक्यता नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंत धरले. पण जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा सातवीस संपतात, काही चौथीसच, आणि मुलास तालुक्याच्या अथवा मोठ्या गावच्या विद्यालयात जावे लागते. प्रस्तुत विवेचन सातवी-आठवीच्या सांध्यापुरते मर्यादित आहे.

अलीकडच्या काळात या सांध्यावर शासकीय पातळीवरून झालेला सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे २०२१ चा ‘सेतू अभ्यास’. साथीमुळे शाळा बंद राहिल्यानंतर दुसरी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी पंचेचाळीस दिवसांचा हा अभ्यास राज्यभर राबविला गेला. मागील इयत्तेतील अपेक्षित अध्ययन निष्पत्ती, त्यांवर दिवसवार कृतिपत्रिका आणि ठरावीक अंतराने चाचण्या, असे त्याचे स्वरूप होते. बुडालेल्या आशयाची भरपाई हा त्याचा उद्देश, आणि त्या मर्यादेत तो रास्त होता. तथापि सेतू म्हटला की दोन काठ आले. या अभ्यासाने मागचा काठ पक्का केला. पुढच्या काठाची, म्हणजे ज्या पुस्तकात विद्यार्थी उतरणार त्या पुस्तकाच्या भाषेची, पाहणी त्याच्या आराखड्यातच नव्हती. मराठी हा एक स्वतंत्र विषय आणि गणित-विज्ञान हे निराळे विषय, ही वाटणी त्यात तशीच राहिली. गणितातली मराठी कोणाच्याच वाट्यास आली नाही.

आता प्रत्यक्ष पुस्तकाकडे वळू. पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर नेहमीचा आक्षेप असतो तो संस्कृतप्रचुर परिभाषेवर. ‘अपरिमेय’, ‘छेदिका’, ‘शिरोलंब’, ‘मध्यगा’ हे शब्द मुलांनी कधी ऐकलेले नसतात, म्हणून ते कठीण, असा हा युक्तिवाद. आम्हांस तो पटत नाही. न ऐकलेला शब्द आपले अनोळखीपण लपवीत नाही. मूल तेथे थांबते, विचारते, निदान व्याख्या पाठ करते. ‘शिरोलंब’ हा शब्द एकदा आकृतीसह कळला की तो आयुष्यभर दुसऱ्या कशाशी घोटाळत नाही. खरा धोका ओळखीच्या शब्दांचा आहे.

२०१८ साली लागू झालेल्या आठवीच्या गणितात एका प्रकरणाचे नाव ‘चलन’ आहे. दोन राशी एकमेकींच्या प्रमाणात कशा बदलतात, हा त्याचा विषय. त्याच पुस्तकात पुढे सूट, कमिशन आणि चक्रवाढ व्याज येतात. पैशांची उदाहरणे सोडविणाऱ्या मुलास ‘चलन’ म्हणजे नोटा-नाणी वाटले तर त्यात त्याची बुद्धी कमी पडली असे म्हणता येईल काय? उलट त्याने संदर्भावरून अर्थ लावला, आणि चांगला वाचक तेच करतो. ‘कंस’ हा शब्द तर तिहेरी आहे. कृष्णाचा मामा मुलास माहीत असतो. खालच्या इयत्तांत पदावलीभोवतीचे चिन्ह म्हणून कंस येतो. आणि आठवीत वर्तुळाच्या जीवेबरोबर तो वर्तुळाचा भाग होऊन येतो. ‘घात’ म्हणजे दगाफटका, अपघात, विश्वासघात. पुस्तकात तो संख्येच्या माथ्यावर बसतो. (संस्कृत गणितग्रंथांत हनन, वध, घात हे शब्द गुणाकाराच्या अर्थी येतात, हे मुलांस सांगितले तर त्यांस गंमत वाटेल आणि शब्दही पक्का होईल, पण सांगतो कोण?) विज्ञानात ‘कार्य’ पाहा. जीवशास्त्राच्या तासाला हृदयाचे कार्य, पुढे भौतिकशास्त्राच्या तासाला बल आणि विस्थापन यांवरून मोजावयाचे कार्य, आणि घरी ताईचे कार्य वैशाखात. दिवसभर डोक्यावर ओझे घेऊन एका जागी उभ्या राहिलेल्या हमालाने शून्य कार्य केले, हे विधान मुलास अन्यायाचे वाटते. त्याच्या मराठीत ते अन्यायाचे आहेच. तसेच बळ, ताकद, जोर, शक्ती हे बोलण्यात एकमेकांच्या जागी चालणारे शब्द. भौतिकशास्त्रात बल निराळे, शक्ती निराळी, ऊर्जा निराळी.

लिपीही कधी कधी अशा घोटाळ्यास हातभार लावते. ‘धन’ आणि ‘घन’ यांत फरक शिरोरेषेच्या खंडाचा आणि लहानशा गाठीचा. धन संख्या आणि घन संख्या, दोन्ही गणितात, कित्येकदा एकाच पानावर. फळ्यावर घाईने लिहिणाऱ्याच्या हातून तो फरक उरत नाही.

पुढच्या वर्षी भूमितीत ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ भेटतात. न्यायशास्त्रात पर्वत हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूम हा हेतू. म्हणजे ज्या ठिकाणी साध्य सिद्ध करावयाचे ते ठिकाण म्हणजे पक्ष. मराठी भूमितीने हा शब्द घेतला तो ‘दिलेली माहिती’ या अर्थी. परिभाषाकारांना असा बदल करण्याचा अधिकार आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण मुलाला पक्ष ठाऊक असतो तो निवडणुकीतला नाही तर पितरांचा. तिन्ही अर्थांतील दुवा, म्हणजे बाजू, त्यास कोणी दाखवीत नाही.

शब्दांपेक्षाही वाक्यरचनेचा बदल मोठा आहे, आणि त्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नाही. बोलीतील मूल म्हणते, ‘पाणी पसरट ताटलीत ठेवलं की लवकर वाळतं.’ याच निरीक्षणाचे पुस्तकी रूप असे काहीसे होईल: ‘बाष्पीभवनाचा वेग द्रवाच्या पृष्ठफळावर अवलंबून असतो.’ पहिल्या वाक्यात दोन क्रिया आहेत, आणि ‘की’ त्यांस जोडतो. दुसऱ्यात दोन्ही क्रिया नामे झाल्या. त्यांमधील कार्यकारणसंबंध ‘अवलंबून असतो’ या क्रियापदात गेला. ताटली नाहीशी झाली. हॅलिडे आणि मार्टिन यांनी १९९३ साली इंग्रजीतील विज्ञानलेखनाविषयी जे दाखविले, की क्रियेचे नामीकरण हेच त्या भाषेचे मुख्य यंत्र होय, ते मराठीसही लागू पडते. मराठीत त्यावर आणखी एक थर आहे. हे नामीकरण बहुधा संस्कृत घडणीचे असते, त्यामुळे ‘वाळणे’ आणि ‘बाष्पीभवन’ यांचे नाते शब्दाच्या रूपावरून कळत नाही.

‘अनुक्रमे’ हा एकच शब्द घ्या. ‘अबक त्रिकोणाच्या अब व अक या बाजूंचे मध्यबिंदू अनुक्रमे प व फ आहेत.’ येथे वाचकाने दोन याद्या मनात समोरासमोर मांडून पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा जुळवावयाचा असतो. बोलीत आपण असे कधीच बोलत नाही. ‘अबचा मध्यबिंदू प आणि अकचा फ’ असे म्हणतो. ज्याने हा शब्द केवळ अलंकार समजून वगळला त्याची आकृती चुकते, आणि आकृती चुकली की शिक्षक म्हणतात, याला भूमिती येत नाही. व्याख्यांतील ‘ज्या… त्या’ या जोडरचनेचेही तसेच. बोलण्यात आपण ‘समोरासमोरच्या बाजू समांतर असलेला चौकोन’ असे विशेषण करून मोकळे होतो. व्याख्येत ‘ज्या चौकोनाच्या संमुख भुजा…’ असा आरंभ झाला की मुलास वाक्याच्या शेवटपर्यंत अर्थ टांगून ठेवावा लागतो. हा टांगून ठेवण्याचा सराव सातवीपर्यंत फारसा घडलेला नसतो.

यावर दोन उपाय सुचविले जातात. पहिला, गणित-विज्ञानाची परिभाषा सरळ इंग्रजी करावी. ज्यास सेमी-इंग्रजी म्हणतात तो मार्ग पुष्कळ विद्यालयांनी स्वीकारलाही आहे. यामागे पालकांची जी आकांक्षा आहे ती समजण्यासारखी आहे, तिची हेटाळणी करू नये. पण अडचण जर वाक्यरचनेत असेल तर भाषा बदलल्याने ती सुटत नाही. ती इंग्रजी वाक्यात जाऊन बसते, आणि तेथे मुलास स्वतःची चूक स्वतःच्या भाषेत तपासण्याचीही सोय उरत नाही. दुसरा उपाय, पुस्तके बोलीसारखी सोपी करावीत. सातवीत ठीक, परंतु ‘अवलंबून असतो’ ही रचना टाळून विज्ञान फार दूर नेता येत नाही. रचना टाळण्यापेक्षा ती शिकविणे बरे.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. जिम कमिन्स यांनी १९७९ साली संभाषणाची भाषा आणि शैक्षणिक भाषा असा जो भेद केला तो द्विभाषिक मुलांसंबंधी होता. मराठी शाळेत तो वापरताना बोली हीन आणि पुस्तकी भाषा श्रेष्ठ असा अर्थ काढला जाण्याचा धोका आहे. विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ साली न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीतील तर्कशुद्धता दाखवून अशा निष्कर्षास उत्तर देऊन ठेवले आहे. अहिराणी, वऱ्हाडी अथवा मालवणी बोलणाऱ्या मुलाच्या भाषेत काही उणे नाही, आणि ज्याची घरची भाषा कोरकू किंवा गोंडी आहे त्यास तर दोन उंबरठे ओलांडावे लागतात. किंबहुना बोलीतच पुष्कळ साहित्य तयार पडलेले असते. कालव्याच्या टापूतील मुलास ‘आवर्तन’ चांगले कळते. पाण्याची पाळी केव्हा फिरून येणार यावर घरचा ऊस असतो. त्या आवर्तनापासून ‘आवर्तसारणी’ एका पायरीवर आहे. तेथून परावर्तन, अपवर्तन आणि वर्तुळ ही सारी ‘वळणे-फिरणे’ या एकाच धातूची लेकरे आहेत हे दाखविण्यास अर्धी तासिका पुरते. ‘-ईभवन’ म्हणजे जे आधी नव्हते ते होणे, हे एकदा सांगितले की बाष्पीभवन आणि घनीभवन दोन्ही उलगडतात. प्राथमिक शाळेतील गुरुजी वा बाई असे दुवे बोलता बोलता, मुलाच्या बोलीत, जोडून देत. सर आणि मॅडम यांच्या शाळेत विषय वाटले गेले आणि हे काम कोणाच्याच तासिकेत बसले नाही.

परीक्षेतील आज्ञार्थी क्रियापदांचाही प्रश्न आहे. ‘कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘टीप लिहा’ यांतील प्रत्येक आज्ञा निराळ्या घडणीचा परिच्छेद मागते. ‘कारणे द्या’ म्हटल्यावर विधान पुन्हा लिहून पुढे ‘कारण तसे असते’ असे लिहिणारा मुलगा आळशी असतोच असे नाही. त्यास हा लेखनप्रकार कोणी करून दाखविलेला नसतो.

तेव्हा पूर्वतयारीचे पहिले दोन आठवडे विषयशिक्षकांनी आपापले पुस्तक वर्गात मोठ्याने वाचण्यात घालवावेत, वाक्य थांबवून ते मुलांकडून बोलीत वदवून घ्यावे आणि मग पुन्हा पुस्तकी रूपात लिहून घ्यावे, असे आम्ही सुचवितो. यास खर्च नाही. मात्र विज्ञानाच्या शिक्षकाने आपण भाषाही शिकवितो हे मान्य करावे लागेल, आणि ते सोपे नाही. भाषा-विभागांकडेही काम आहे. सातवी आणि आठवी यांच्या गणित व विज्ञान या चार पुस्तकांतील नामीकरणे, ‘ज्या-त्या’ रचना आणि व्यवहारात निराळ्या अर्थाने चालणारे पारिभाषिक शब्द यांची इयत्तावार गणना आणि तुलना करणे एम. ए. च्या दोन विद्यार्थ्यांस एका सत्रात शक्य आहे. प्रबंधिकेसाठी विषय शोधणाऱ्यांनी प्रथम आठवीच्या गणितातील ‘चलन’ हे प्रकरण आणि त्याच्या मागची-पुढची दोन प्रकरणे उघडून पाहावीत.