रांग आणि कथा : थीम पार्कविषयक चाहत्यांच्या वादाची चिकित्सा

प्रस्तावना :

थीम पार्क म्हणजे एखाद्या कल्पनेभोवती वा कथेभोवती उभारलेले मनोरंजन-उद्यान. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले आणि या प्रकाराला त्याचे आजचे रूप लाभले. नाटक-चित्रपटांप्रमाणे या उद्यानांचाही एक जाणकार चाहतावर्ग असून राइडची रचना, दर तासाला किती माणसे तिचा लाभ घेऊ शकतात ही तिची क्षमता आणि नव्या विभागांची कथासृष्टी यांवर तो हिरिरीने वाद घालत असतो. या वादात सामान्यतः दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष कथासृष्टीच्या अस्सलपणाला महत्त्व देतो व क्षमतेला व्यवस्थापनाची बाब मानतो. दुसरा पक्ष रांग किती वेगाने पुढे सरकते हे पाहतो व सजावटीला खर्चिक हव्यास समजतो. प्रस्तुत लेखात हे द्वैत तपासले असून, क्षमता हे कलाकृतीच्या घडणीचेच अंग आहे, असे प्रतिपादन केले आहे.

क्षमतेचे गणित :

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. एका वाहनात २४ आसने आहेत आणि दर ३० सेकंदांनी एक वाहन सुटते असे मानले, तर तासाला १२० वाहने सुटतात व २,८८० प्रेक्षक पुढे जातात. चढण्या-उतरण्यात केवळ १० सेकंद अधिक गेले, तर वाहनांची संख्या ९० वर व प्रेक्षकांची २,१६० वर येते. दहा सेकंदांची किंमत ताशी ७२० माणसे इतकी असते. त्यामुळे वाहनाचा आकार, फलाटाची लांबी, एखाद्या प्रसंगापुढे किती वेळ थांबावे, हे सर्व निर्णय एकाच वेळी यांत्रिकही असतात आणि कथनविषयकही.

मर्यादेतून घडलेले रूप :

डिस्नेलँडमधील दोन अभिजात राइड याची साक्ष देतात. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ची मूळ कल्पना पायी फिरून पाहण्याच्या मेणपुतळ्यांच्या प्रदर्शनाची होती. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मधील नौकांनी मोठा जनसमुदाय सहज सामावून घेता येतो हे सिद्ध केले आणि १९६७ मध्ये ‘पायरेट्स’ही जलमार्गावर अवतरली. नौका आरंभी धबधब्यावरून खाली उतरतात त्याचे एक कारण स्थापत्याचे आहे : उद्यानाभोवतीच्या बांधाखालून पलीकडच्या मोठ्या इमारतीत जाणे आवश्यक होते. प्रेक्षकाला मात्र ती उतरण म्हणजे भूतकाळात झालेला प्रवेश वाटते.

‘हाँटेड मॅन्शन’ची बाह्य वास्तू १९६३ मध्येच पूर्ण झाली होती, राइड सुरू झाली ती ९ ऑगस्ट १९६९ रोजी. तीही आरंभी पायी फिरण्याची होती. अखेरीस साखळीसारखी अखंड सरकणारी ‘ऑम्निमूव्हर’ आसने वापरली गेली. ही आसने थांबत नाहीत म्हणून क्षमता वाढते. पण ती वळवता येतात म्हणून प्रेक्षकाने कोणत्या क्षणी काय पाहावे हेही ठरवता येते. चित्रपटातील कॅमेऱ्याचे कार्य येथे आसन करते. क्लॉड कोट्स यांचा कल गूढ वातावरणाकडे, तर मार्क डेव्हिस यांचा विनोदी पात्रांकडे होता. चाहते आजही या दोन दृष्टींच्या मेळाविषयी वाद घालतात. परंतु त्या दोहोंना एका लयीत बांधले ते सरकत्या आसनांनी, याकडे त्यांचे पुरेसे लक्ष जात नाही.

नवी कथासृष्टी आणि तिचे वचन :

२०१९ मध्ये कॅलिफोर्निया व फ्लोरिडा येथे सुरू झालेल्या ‘स्टार वॉर्स : गॅलक्सीज एज’ या विभागाने वेगळे वचन दिले. येथे अभ्यागत केवळ प्रेक्षक नसून बाटू नामक ग्रहावरील प्रवासी आहे. ‘मिलेनियम फाल्कन : स्मगलर्स रन’मध्ये सहा जणांना दोन वैमानिक, दोन तोफची व दोन अभियंते अशा भूमिका मिळतात. अनेक कॉकपिट फिरत्या मंचांवर बसविल्यामुळे प्रत्येक गटाला आपलेच यान एकमेव वाटते. क्षमतेने कथेची येथे उत्तम सेवा केली आहे. तथापि मागे बसणाऱ्या अभियंत्यांच्या वाट्याला दुय्यम अनुभव येतो, ही चाहत्यांची तक्रार रास्त आहे. नायकपदाचे वचन सर्वांना देणे आणि सहा आसने भरणे यांतील ताण येथे उघड होतो.

हाच ताण कथाकाळाच्या बाबतीतही दिसतो. हा विभाग आरंभी चित्रपटमालिकेतील एका विशिष्ट काळात कटाक्षाने बांधलेला होता. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात त्या काळाबाहेरील मँडलोरियन व ग्रोगू ही पात्रे तेथे वावरू लागली. शुद्धतावाद्यांना हा भंग वाटला. पण आवडते पात्र भेटावे ही सामान्य कुटुंबाची अपेक्षाही तितकीच खरी मानावी लागते.

रांगेचे मूल्य :

या वादाची खरी कसोटी रांगेत लागते. १९८२ पर्यंत डिस्नेलँडमध्ये राइडच्या श्रेणीनुसार कुपने घ्यावी लागत. मात्र एका राइडपुढे सर्वांची रांग एकच असे. १९९९ मध्ये आलेल्या ‘फास्टपास’ने विनामूल्य वेळ राखून ठेवण्याची सोय केली. २०२१ मध्ये तिची जागा ‘लाइटनिंग लेन’ या सशुल्क व्यवस्थेने घेतली. देवस्थानांतील सशुल्क दर्शनाविषयीचा वाद मराठी वाचकास येथे सहज आठवेल. अशा व्यवस्थेने राइडची क्षमता एका आसनानेही वाढत नाही. तीच आसने निराळ्या क्रमाने वाटली जातात. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या प्रतीक्षेत जमा होतो. राइडची क्षमता जितकी तोकडी, तितके आधी जाण्याच्या हक्काचे मोल अधिक. म्हणून क्षमतेचा आग्रह धरणारा चाहता केवळ आकडेमोड करणारा अरसिक ठरत नाही. तो कथा कोणाच्या वाट्याला येते हा प्रश्न विचारत असतो.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते, की कथासृष्टी आणि क्षमता यांना परस्परविरोधी मानणारी समीक्षा अपुरी आहे. केवळ आकड्यांवर राइड तोलणे जसे एकांगी, तसेच रांगेकडे पाठ फिरवून सजावटीचे कौतुक करणेही एकांगी आहे. ‘हाँटेड मॅन्शन’मध्ये मर्यादेने रूप घडविले आणि ते रूप तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला सारखेच भेटले. नव्या विभागांचे वैभव मान्य करूनही हा समान लाभ त्यांच्या मूल्यमापनाचा निकष राहिला पाहिजे. उन्हात दोन तास मूल खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या पालकाच्या दृष्टीने कथा फलाटावर नव्हे, रांगेतच सुरू झालेली असते.