चेहरा शेवटच्या चौकटीत

आडनाव सांगेपर्यंत आपण सगळ्यांना आवडतो, हा अनुभव या पानांच्या वाचकांना नवा नाही. मी प्राध्यापकी पत्करून एका तालुक्याच्या गावी गेलो, तेव्हा खोली पाहायला एका घरी बसलो होतो. मालकांनी चहा दिला, माझा विषय विचारला, मुलाला इंग्रजी शिकवाल का म्हणाले, भाडेही ठरले. मग पूर्ण नाव विचारले. दुसऱ्या दिवशी ती खोली त्यांच्या भाच्याला लागणार होती. त्या दोन चहांच्या मधला मी आणि नाव सांगितल्यानंतरचा मी, यांत माझ्या बाजूने काहीही बदल झालेला नव्हता.

हा प्रसंग इतक्या वर्षांनी वर आला तो एका परक्या देशातील शाळकरी मुलांच्या चित्रकथेमुळे.

अमेरिकेतील कॅथॉलिक शाळांमधून 'ट्रेझर चेस्ट ऑफ फन अँड फॅक्ट' नावाचे नियतकालिक १९४६ पासून १९७२ पर्यंत मुलांच्या हाती दिले जात असे. ओहायो राज्यातील डेटन येथील जॉर्ज फ्लॉम यांची प्रकाशनसंस्था ते काढी. ते मुख्यतः शाळेतूनच मिळे. वर्गणी शाळेतून आणि वाटपही शाळेतून. संतांची चरित्रे, शोधांच्या गोष्टी, खेळ, इतिहास, थोडा विनोद असा त्याचा ऐवज होता. कॉमिक म्हणजे मुलांना बिघडवणारी वस्तू, अशी हाकाटी त्या काळी चर्चने आणि पालकांनी चालवली होती. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे १९४८ साली कॅथॉलिक शाळेच्या मुलांकडून कॉमिकची होळीही झाली. मुलांच्या हातातून चित्रे हिसकावायची तर त्या हातात दुसरी चित्रे द्यावी लागतात, एवढे शहाणपण 'ट्रेझर चेस्ट'च्या चालकांकडे होते. (आपल्याकडे पुराणकथांच्या रंगीत पुस्तिका घरोघर गेल्या त्याही याच शहाणपणाने. १९६७ साली सुरू झालेल्या 'अमर चित्रकथे'ला बाबासाहेबांपर्यंत पोहोचायला १९७९ साल उजाडले.)

वॉशिंग्टनच्या कॅथॉलिक विद्यापीठाने हे जुने अंक आता सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यांतील १९६४ सालची एक दहा भागांची मालिका म्हणजे 'पेटिग्रू फॉर प्रेसिडेंट'. लेखन बेरी रीस यांचे, चित्रे जो सिनॉट यांची. कथा तेव्हाच्या भविष्यात, १९७६ साली घडते. न्यूयॉर्कचे गव्हर्नर टिम पेटिग्रू राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे आहेत. प्रायमरी निवडणुकांपासून पक्षाच्या अधिवेशनापर्यंत त्यांची मोहीम चालते आणि मुलांना नागरिकशास्त्राचा धडाही मिळतो. दहाही भागांत पेटिग्रू आहेत. त्यांचा चेहरा मात्र नाही. कुठे पाठमोरे, कुठे सावलीत, कुठे कशाच्या तरी आड. दहाव्या भागाच्या शेवटच्या पानावर तो चेहरा दिसतो, आणि पेटिग्रू काळे आहेत हे वाचकाला कळते.

हे कोणत्या दिवसांत छापले गेले ते लक्षात घेतले पाहिजे. देशाचे पहिले कॅथॉलिक अध्यक्ष केनेडी नोव्हेंबर १९६३ मध्ये मारले गेले होते. नागरी हक्कांच्या कायद्यावर सही व्हायची होती. ती झाली २ जुलै १९६४ रोजी. न्यू ऑर्लिअन्सच्या आर्चबिशपांनी शाळांतील वर्णभेद संपवायचा हुकूम काढला म्हणून कॅथॉलिकांनीच बंड केले होते, आणि १९६२ साली तिघांना धर्मबहिष्कृत करावे लागले होते. अशा वेळी गोऱ्या कॅथॉलिक घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलांपुढे हा उमेदवार ठेवणे याला धैर्य लागते. त्यातील हिशेबही चोख आहे. १९६४ साली दहा-बारा वर्षांचे असलेले मूल १९७६ मध्ये मतदार होणार होते. लेखकाने त्याला दहा भाग पेटिग्रूंच्या बाजूने बसवले, त्याच्याकडून मनातल्या मनात मत घेतले, आणि मग चेहरा दाखवला. आता ते मत परत घ्यायचे तर मुलाला स्वतःच्या तोंडाकडे बघावे लागेल. माझ्या घरमालकांवर असा प्रयोग झाला होता, पण ते मूल नव्हते. त्यांनी मत सहज परत घेतले.

एवढे श्रेय दिल्यावर तक्रार मांडतो.

ही युक्ती फुकट मिळत नाही. चेहरा लपवायचा म्हणजे त्या चेहऱ्याशी बांधलेले सारेच लपवावे लागते. पेटिग्रू कोणत्या वस्तीतून आले? त्यांच्या आईने कोणाच्या घरी काम केले? ते कोणत्या शाळेत गेले, तिच्यात किती बाके होती, कोणत्या दारातून त्यांना आत घेतले? यांतले एकही उत्तर चित्रात आले असते, तर गुपित फुटले असते. म्हणून दहा भागांत आपल्याला भेटतो तो भूतकाळ नसलेला माणूस. त्याची गुणवत्ता आहे, पण ती कोणत्या आगीतून आली ते नाही. आपल्या साहित्याने नेमकी उलटी वाट धरली. वस्ती, भाषा, भूक, नाव हे सारे पहिल्याच ओळीत, आणि वाचकाला पटो वा न पटो. 'आधी माणूस म्हणून बघा, जात नंतर' असे म्हणणाऱ्या सद्‌भावी मित्रांना मी नेहमी विचारतो, की जात वजा केल्यावर जो माझा माणूस उरतो, तो कोणाच्या मापाचा आहे?

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. शिकागोसारख्या शहरांतील कॅथॉलिक शाळांत काळी मुलेही होती. ही मालिका त्यांच्याही हाती पडली असणार. त्यांच्यासाठी हे गुपित कोणाचे होते? शेवटच्या पानावरील धक्का गोऱ्या मुलासाठी रचलेला आहे. काळ्या मुलाला आपल्यासारखा चेहरा पाहण्यासाठी अवघी मोहीम संपेपर्यंत थांबावे लागले, आणि तोही दुसऱ्याला चकित करण्यासाठी वापरलेला. कथाही अधिवेशनापाशी थांबते. प्रत्यक्ष निवडणूक येतच नाही.

तुलनेसाठी याच पाक्षिकातील दुसरी मालिका पाहावी. १९६१-६२ मध्ये 'धिस गॉडलेस कम्युनिझम' ही मालिका आली. चित्रे रीड क्रँडल यांची आणि पाठराखण एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांची. कम्युनिस्टांच्या ताब्यात गेलेली अमेरिका, मार्क्स, लेनिन, स्टालिन सारे ठसठशीत रेखाटलेले. शत्रूचा चेहरा दाखवताना कोणताही संकोच नाही. ज्या हूवरांनी मुलांना हा धडा दिला, त्यांच्याच खात्याने पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या टेलिफोनवर कान लावले आणि ब्लॅक पँथरच्या मागे आपली सारी ताकद लावली. त्याच पँथरवरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी नाव घेतले. 'ट्रेझर चेस्ट' बंद पडले तेही १९७२ सालीच. योगायोगाला अर्थ चिकटवू नये, म्हणून पुढे जातो.

चित्रांनी मने बदलतात का, असे विद्यार्थी विचारतात. ५ ऑगस्ट १९६६ रोजी शिकागोच्या मार्क्वेट पार्कमध्ये किंग मोर्चा घेऊन गेले असता त्यांना दगड लागला. तो भाग मुख्यतः लिथुएनियन, पोलिश, आयरिश गोऱ्यांचा, म्हणजे बव्हंशी कॅथॉलिकांचा. मोर्चात चालणाऱ्या नन आणि धर्मगुरूंनाही तिथल्या लोकांनी शिव्या घातल्या. पेटिग्रूची मालिका संपून दोन वर्षे झाली होती. त्या रस्त्यावरच्या एखाद्या घरात तो अंक पडलेला असेल, नसेल. दगड मारणाऱ्याने तो वाचला होता असे मी म्हणत नाही. पण शाळा एक चित्र देते आणि गल्ली दुसरे, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. प्रतिज्ञेत 'सारे भारतीय माझे बांधव' म्हणून मी ज्या मुलांसोबत ओरडलो, त्यांच्या घरी मला पाणी वरून मिळत असे.

ही लपवाछपवीची युक्ती रीस-सिनॉट यांच्याआधीही होती. १९५३ साली ईसी कॉमिक्सच्या 'जजमेंट डे' या कथेत एक अंतराळवीर शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो आणि तो काळा निघतो. १९५६ मध्ये ती पुन्हा छापताना कॉमिकवर पहारा ठेवणाऱ्या नियमनसंस्थेने त्या चेहऱ्यालाच हरकत घेतली. प्रकाशक बधले नाहीत. तिचे चित्रकार जो ऑर्लँडो यांनी १९४९ मध्ये उमेदवारी केली होती ती याच 'ट्रेझर चेस्ट'मध्ये. ती कथा मात्र मोजक्या पानांची, म्हणून तिथे युक्ती पेलते. दहा भागांवर ताणली की कापड विरते.

गेल्या वर्षी मी बी. ए.च्या वर्गात पेटिग्रूची पाने दाखवली. शेवटचे चित्र आले तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. मलाही बरे वाटले. पण मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, हे चित्र पहिल्या पानावर टाकलं असतं तर गोष्ट पडली असती का?" मी म्हणालो, काढून बघा. चौघांनी मनावर घेतले. पहिल्या भागात त्यांनी पेटिग्रूंना समोरून काढले, आणि लगेच अडले, कारण चेहऱ्यामागे घर काढावे लागले. अमेरिकेतले घर कोणी पाहिलेले नव्हते. म्हणून त्यांनी पत्र्याचे छप्पर काढले, दारात हापसा, भिंतीवर एक फोटो, आणि उंबऱ्यात बसून भाषण ऐकणारी म्हातारी. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांच्या दारात हापसा कसा, म्हणून मी हसलो. मुलगी म्हणाली, "सर, तो नंतर गव्हर्नर झाला." त्यांचा तिसरा भाग चालू आहे. म्हातारी अजून प्रत्येक भागात आहे.