धूर, अग्नी आणि लघवीची बाटली

मंडळी, १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती आपल्या पुणे-नगर रस्त्यावर. तेव्हापासून रस्ता, गाड्या आणि गॅरेजं यांवर या जिल्ह्यातली कितीतरी घरं जगतात. आज त्यांच्याचपैकी एकाच्या प्रश्नावर बोलायचं आहे.

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ भेटले. हायवेवरच्या एका गॅरेजात सव्वीस वर्षं फिटर. म्हणाले, "सर, आमच्याकडे तपासणी झाली. रक्त घेतलं, लघवी घेतली. रिपोर्ट नॉर्मल. मालक म्हणतात, मग धुराचा त्रास नाही. पण सकाळी थुंकी काळी पडते, त्याचं काय?" मी रिपोर्ट पाहिला. साखर, प्रथिनं, हिमोग्लोबिन. म्हणजे धुराबद्दल कोणी विचारलंच नव्हतं! न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'नॉर्मल' आलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग योग्य चाचणी करा की. चाचण्या आहेत. शरीरात शिरलेल्या पदार्थाची जी खूण रक्तात किंवा लघवीत सापडते तिला जैवसूचक म्हणतात. डिझेलच्या धुरात पायरीन नावाचं संयुग असतं. शरीर त्याचं रूपांतर करून १-हायड्रॉक्सीपायरीन लघवीवाटे बाहेर टाकतं. ते मोजता येतं. माझी टीका मोजण्यावर नाही. मोजल्यावर आपण जे अनुमान काढतो, त्यावर आहे.

आपल्या नैयायिकांचं लाडकं उदाहरण आठवा: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान टिकतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे. उलटं मात्र चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. त्या अटीला ते उपाधी म्हणतात.

हीच कसोटी इथे लावू या. १-हायड्रॉक्सीपायरीन सापडलं, म्हणून डिझेलचा धूर? नाही. बिडीतून पायरीन येतं, चुलीतून येतं, करपलेल्या अन्नातून येतं. हेतू व्यभिचारी झाला. मालक सहज म्हणेल, "तू बिडी ओढतोस, हे तिचंच." म्हणजे कामगाराच्या भल्यासाठी घेतलेली बाटली त्याच्याच विरुद्ध साक्ष देते.

मग शास्त्रज्ञ अधिक नेमकी खूण शोधतात. १-नायट्रोपायरीन हे डिझेलच्या धुराशी बरंच घट्ट जोडलेलं आहे. त्याचे अवशेषही लघवीत मोजता येतात. हेतू सुधारला, हे मान्य. पण त्याचं प्रमाण फारच सूक्ष्म असतं, आणि ते मोजणारी यंत्रं गल्लीतल्या लॅबमध्ये नसतात.

आता उलट बाजू बघा. खूण सापडली नाही, म्हणून धूर नाही? हा तर आपला लोखंडाचा गोळा! १-हायड्रॉक्सीपायरीन साधारण दिवसभरात निम्मं होतं. नमुना कामाच्या आठवड्याच्या शेवटी, पाळी संपताना घ्यायचा असतो. रविवारची सुट्टी काढून सोमवारी सकाळी उपाशीपोटी घेतला, तर सव्वीस वर्षांपैकी कालचा दिवस तेवढा मोजला जातो, आणि काल तर माणूस घरी होता. इथे उपाधी आहे ती वेळेची.

रोग मात्र दिवसांनी येत नाही, दशकांनी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर १९८८ साली 'बहुधा कर्करोगकारक' ठरवला होता. जून २०१२ मध्ये त्यातला 'बहुधा' काढून टाकला. त्यामागचा एक मोठा पुरावा अमेरिकेतल्या आठ खाणींमधल्या १२,३१५ कामगारांच्या अभ्यासातून आला. लक्षात घ्या, तो लघवीच्या बाटल्यांवर उभा नव्हता. खाणीतल्या हवेत काजळीचा कार्बन किती होता आणि कोण कुठे किती वर्षं काम करत होता, या नोंदींवर उभा होता. सिगारेटचा हिशेबही त्यात वेगळा धरला होता.

म्हणून मी म्हणतो, आधी हवा मोजा, नोंदी ठेवा. आपल्या नगरात व्हीआरडीई आहे, तिथे वाहनांची चाचणी होते. पीयूसीवाला डिझेल गाडीच्या नळीतून धूर किती गडद येतो ते मोजतो. गाडीला प्रमाणपत्र आहे. त्या नळीशेजारी आठ तास उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासाची नोंद कुठे आहे?

साखर कारखान्यातल्या चिपाडाच्या धुळीने होणारा बगॅसोसिस नुकसानभरपाईच्या कायद्यात नावानिशी आहे. तो रोग आपलं कारण नावातच घेऊन येतो. फुफ्फुसाचा कर्करोग तसं सांगत नाही. मग सिद्ध करायचं ओझं शेवटी कामगारावर पडतं, आणि त्याच्या हातात असतो एक 'नॉर्मल' रिपोर्ट.

जैवसूचक टाकाऊ आहेत का? मुळीच नाही. शेडमध्ये पंखे बसवण्याआधी आणि नंतर त्याच लोकांचे नमुने घेतले, तर सुधारणा झाली की नाही हे त्यावरून छान कळतं. गटासाठी ते चांगले साक्षीदार आहेत. एकट्या माणसाचा न्यायनिवाडा त्यांच्यावर सोपवू नये.

त्या गृहस्थांना मी एवढंच म्हणालो, "थुंकीचं छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि काम काय करता, किती वर्षं करता, हे त्यांना आवर्जून सांगा. कुठल्या वर्षी कुठल्या शेडमध्ये होतात ते वहीत लिहून ठेवा. आणि मालकांना सांगा, इंजिन चालू ठेवायचं असेल तर सायलेन्सरला पाइप जोडून धूर बाहेर सोडा." ते हसले. म्हणाले, "सर, पाइपाला तपासणीपेक्षा कमी खर्च येईल."

अनुमान त्यांचं बरोबर आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ या.